‘नेट बंद आहे’ म्हणजे कुठपर्यंत चालू आहे?

सोमवारी सकाळी साडेनऊला डेस्कवरचा फोन वाजतो. "मॅडम, नेट चालूनच नाही राहिलं." काय उघडून पाहिलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काहीच उघडत नाही ना!" गंमत अशी, की हा माणूस ज्या आयपी फोनवरून बोलतोय तो फोन त्याच्या संगणकाच्याच वायरवर बसलेला आहे. त्याचा आवाज माझ्यापर्यंत स्वच्छ आला. म्हणजे भिंतीतलं सॉकेट, छतातून गेलेली केबल, रॅकमधला स्विच (मजल्यावरच्या वायरी एकत्र जोडणारा डबा), सगळं धडधाकट. उरलं काय, तर फोनच्या बुडातून संगणकाकडे जाणारी दोन हात वायर, तो संगणक, किंवा पार पलीकडचं काहीतरी. त्याला वाटतं आपण तक्रार केली. त्याने निम्मा तपास करून दिलेला असतो.

मी सोळा वर्षं नागपुरात नेटवर्क सपोर्टचं हे काम करतेय. आधी हिंगणा एमआयडीसीत, मग परसोडीच्या आयटी पार्कात, आता मिहानमध्ये. अजूनही रॅकपाशी उभी असले की एखादा मॅनेजर येऊन विचारतो, "इंजिनिअर कुठं गेले?" असो. सपोर्टला नव्याने लागलेल्या, हातात रॅकची किल्ली देऊन "पाहून घे" एवढंच सांगितलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय.

कोर्स मी नंतर केले. मूळ गोष्ट शिकले ती काटोलकडच्या आमच्या वावरात, संत्र्याच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्यांवर. शेवटच्या ओळीतल्या झाडांची पानं मलूल दिसली की आमचा सालदार सरळ विहिरीवर पळायचा, पंप खोलायला. बाबा त्याला थांबवायचे. ते जायचे बागेच्या मध्यावर आणि मधल्या ओळीच्या नळीचं टोक उघडून बघायचे. इथं पाणी आलं? मग पंप, फिल्टर, मेन लाइन ठीक. बिघाड इथून पुढे. नाही आलं? मग मागे. उरलेल्या भागाचा परत मध्य गाठायचा. तीस ओळींच्या बागेत फार तर पाच थांबे, की खारीने कुरतडलेली नळी हातात. ‘का येत नाही’ हे ते विचारतच नसत. ‘कुठपर्यंत येतं’ एवढंच बघत.

पॅकेटचंही, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या छोट्या तुकड्याचंही, तसंच आहे. त्यामुळे पुढचं सगळं म्हणजे ओली माती कुठं संपते ते शोधण्याच्या रीती आहेत.

खुर्चीतून उठण्याआधी

फोनवरच चार गोष्टी काढून घ्या. शेजारच्याचं चालतंय का? वायरवर आहात की वायफायवर? कधीपासून? आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचंच उत्तर कोणी देत नाही. "काहीतरी एरर आली" यावर समाधान मानू नका, मोबाइलने फोटो काढून पाठवायला सांगा. त्या एका ओळीत पुष्कळदा हद्द लिहिलेली असते. ती कशी वाचायची ते पुढे येईलच.

"काही बदललं का?" हे मात्र विचारू नका. उत्तर नेहमी "नाही जी" असंच येतं, आणि माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी टेबल दोन फूट सरकवणं हा बदल नाही. त्याऐवजी विचारा, "शनिवारी तुमच्या मजल्यावर कोण येऊन गेलं?" मग हळूच निघतं: सुतार आला होता, पेस्ट कंट्रोलवाले आले होते, एसीचा माणूस शिडी लावून छतात घुसला होता. सोमवारच्या तक्रारींची मुळं शनिवारात असतात.

टेबलापासून बाहेर

संगणकाची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि आयपीकॉन्फिग /ऑल चालवा. (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं, अंकसुद्धा.) ढीगभर ओळी येतील, त्यातल्या तीनच पाहा: स्वतःचा पत्ता, गेटवेचा (ऑफिसच्या जाळ्यातून बाहेर पडायच्या दाराचा) पत्ता, डीएनएस सर्व्हरचा (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्याचा) पत्ता.

स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तिथंच थांबा. तो पत्ता कोणी दिलेला नाही. डीएचसीपीला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला, हाका मारून मारून दमलेल्या मशीनने तो स्वतःच घेतलाय. अशा वेळी ब्राउझर बदलणं, कॅश साफ करणं वगैरे सगळा टाइमपास. केबल बघा, स्विचचं पोर्ट बघा, ते पोर्ट बरोबर व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या पाडलेल्या गटात) आहे का बघा, आणि असे दहा-वीस लोक असतील तर डीएचसीपी सर्व्हरकडचे पत्तेच संपले का ते बघा. हे शेवटचं आमच्याकडे एकदा नव्या बॅचच्या पहिल्याच दिवशी झालं. साठ पोरं आली, प्रत्येकाचा लॅपटॉप आणि खिशात एक मोबाइल. अकरा वाजेपर्यंत पत्ते खलास.

पत्ता नीट असेल तर गेटवेला पिंग करा. पिंग हा प्रोग्राम माइक मूस या अमेरिकी संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, आणि नाव दिलं पाणबुडीच्या सोनारवरून: आवाज सोडायचा आणि परत येणाऱ्या आवाजाची वाट बघायची. उत्तर आलं तर छानच, पण न आलेली उत्तरंही वेगवेगळं सांगतात. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं तुमच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलं, तर पॅकेट मशीनबाहेर पडलंच नाही. समोरच्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) मिळाला नाही म्हणून त्याला उंबऱ्यातच अडवलं. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे पॅकेट गेलं, पण उत्तर आलं नाही. जाताना हरवलं, येताना हरवलं, की समोरच्याने मुद्दाम गप्प बसायचं ठरवलं, यातलं काहीही असू शकतं.

त्या शेवटच्या शक्यतेवर जरा जोर देते. पुष्कळ कंपन्या फायरवॉलवर पिंग अडवतात. आमच्याकडचा एक नवा मुलगा बाहेरच्या पत्त्याला पिंग करून "लाइन मेली, लाइन मेली" म्हणत तासभर फिरला. त्याच्या शेजारचा निवांत यूट्यूब बघून राहिला होता. उत्तर आलं हा पुरावा आहे. नाही आलं हा नुसता संशय.

गेटवेनंतर बाहेरचा एखादा पत्ता, समजा ८.८.८.८. मग एखाद्या साइटचं नाव. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर रस्ता ठीक आहे. घराचा पत्ता विचारायचा तो माणूस जागेवर नाही. म्हणजे डीएनएस. एनएसलुकअप चालवा, आधी ऑफिसच्या डीएनएसला विचारा, मग तोच प्रश्न बाहेरच्या डीएनएसला. दोघांची उत्तरं वेगळी आली की गुन्हेगार सापडला. पण वैतागून सगळ्यांच्या मशीनवर ८.८.८.८ टाकून मोकळं व्हायचा मोह आवरा. बाहेरचं सगळं चालेल आणि ऑफिसचा आतला पेरोल, फाइल सर्व्हर, प्रिंटर, यातलं काहीच सापडणार नाही, कारण ती नावं बाहेरच्या जगाला ठाऊकच नसतात.

डीएनएस गेलं की केवढं अंधारतं ते ४ ऑक्टोबर २०२१ ला साऱ्या जगाने पाहिलं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुकच्या आतल्या मुख्य जाळ्यावर देखभालीत चूक झाली, आणि त्यांच्या डीएनएस सर्व्हरांकडे येणारे रस्ते इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले. सर्व्हर चालू होते, पण ते कुठं आहेत हे कोणालाच सांगता येईना. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्रामसकट सगळं जवळपास सहा तास बंद. माझ्या मावशीने त्या रात्री घरचा राउटर चारदा बंद-चालू केला.

ट्रेसर्टबद्दल दोन शब्द. पॅकेट कोणकोणत्या राउटरांवरून जातं आणि तिथवर किती वेळ लागतो, हे ती आज्ञा दाखवते, आणि त्यावरून फार भांडणं होतात. मधल्या एखाद्या थांब्यावर तारे दिसले किंवा तिथला आकडा मोठा दिसला म्हणून बोट दाखवू नका. मोठे राउटर स्वतःला आलेल्या अशा चौकशांना सवडीने उत्तर देतात. त्यांचं खरं काम दुसऱ्यांची पॅकेटं पुढे ढकलण्याचं. आकडा एका थांब्यावर वाढला आणि पुढे पुन्हा उतरला तर काही नाही. वाढला आणि शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तर तिथं खोदा. आणि किती आकडा ‘जास्त’ म्हणायचा? फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून मुंबईकडच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. फायबर त्याच्याच कडेने गेली आहे असं धरलं तरी जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद लागणारच, वर मधल्या राउटरांचं काम वेगळं. त्यामुळे मुंबईच्या सर्व्हरसाठी "पिंग २ पाहिजे" म्हणणाऱ्याला हे गणित करून दाखवा. उलट ७ च्या जागी ९० दिसत असेल, तर पॅकेट बहुधा सिंगापूरसारखा कुठलातरी लांबचा वळसा घेऊन येतंय. लाइनवाल्याला जाब विचारा.

अख्खा मजला एकदम बसतो तेव्हा

एका माणसाचं नेट गेलं की वेळ असतो. मजला बसला की मागे दहा लोक येऊन उभे राहतात आणि त्यातले आठ सल्ले देतात.

परसोडीला असताना एका दुपारी असंच झालं. पिंग कधी येतंय, कधी नाही, फोन कापून राहिले, वायफायसुद्धा गचके खातंय. रॅक उघडला तर स्विचचे सगळे दिवे एकाच तालावर, न थांबता, पेटल्यासारखे लुकलुकत होते. एरवी प्रत्येक दिव्याची लय वेगळी असते. सगळे एका लयीत आले की समजा, कुठंतरी लूप झालाय: वायर फिरून स्वतःच्याच पोटात आलीय. इथरनेटच्या फ्रेमला (स्विचमधून जाताना पॅकेटवर असतं त्या वेष्टनाला) आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटला असते, प्रत्येक राउटरवर त्यातला एक आकडा एकेकाने कमी होत ते कधीतरी मरतं. लूपमध्ये सापडलेला ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून सोडलेला निरोप) मात्र फिरतच राहतो, प्रत्येक फेरीला सगळ्या पोर्टांवर त्याच्या प्रती निघतात, आणि काही सेकंदांत खऱ्या कामाला जागाच उरत नाही.

अशा वेळी दुरून लॉगिन होत नाही, कारण लॉगिनही त्याच चिखलातून जायचं असतं. स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल लागते. ती जवळ नव्हती, तेव्हा बाबांची रीत वापरली. आठ खोल्यांकडे जाणाऱ्या आठ वायरी. चार काढल्या, थांबले, दिवे बघितले. तसेच. म्हणजे भानगड उरलेल्या चारांत. त्यातल्या दोन काढल्या आणि दिवे शांत झाले. त्या दोनातली एक परत लावली, काही झालं नाही. दुसरी लावताच पुन्हा वादळ. तीन मिनिटांत खोली सापडली: मीटिंग रूम. टेबलाखाली पाच पोर्टांच्या साध्या स्विचचा डबा, आणि कोणीतरी लोंबणारी वायर बघून, नीटनेटकं दिसावं म्हणून, तिचं मोकळं टोक त्याच डब्यात खोचलेलं. (काढलेल्या प्रत्येक वायरवर आधी मार्करने नंबर टाका. मी टाकले नव्हते. वादळ तीन मिनिटांत थांबलं, वायरी जागेवर लावायला पाऊण तास लागला.)

यावरचा इलाज फार जुना आहे. रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल काढला, तो नेमका यासाठीच: स्विच एकमेकांना छोटे निरोप (बीपीडीयू) पाठवतात, लूप ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. मग आमच्याकडे तो का चालला नाही? कारण त्या पोर्टवर आमच्या आधीच्या कोणीतरी बीपीडीयू फिल्टर लावून ठेवला होता, म्हणजे स्विचचे कान-तोंड दोन्ही बांधलेले. माणसं बसतात त्या प्रत्येक पोर्टवर फिल्टर नको, बीपीडीयू गार्ड हवा. असा निरोप फिरून परत आला की पोर्ट स्वतःच बंद पडतं आणि एकाच मीटिंग रूमचं नेट जातं. सोबत स्टॉर्म कंट्रोलही, म्हणजे ब्रॉडकास्टच्या पुराला मर्यादा, लावा.

अर्धा मजला चालतोय आणि अर्धा नाही, आणि न चालणाऱ्यांचे पत्ते १० च्या जागी १९२.१६८ ने सुरू होतात? कोणीतरी दिवाळीच्या ऑफरमधला घरचा राउटर आणून भिंतीत खोचलाय, "वायफाय कमी येते ना" म्हणून. तो पण पत्ते वाटत बसलाय, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता लागतो. अडकलेल्या मशीनवर एआरपी -ए चालवा, त्या नकली गेटवेचा मॅक पत्ता घ्या, स्विचच्या मॅक तक्त्यात शोधा, पोर्ट मिळेल. पोर्टवरून भिंत, भिंतीवरून टेबल. मग डीएचसीपी स्नूपिंग चालू करा, म्हणजे असल्या उपऱ्याने वाटलेले पत्ते स्विचच अडवेल. राउटरच्या मालकाला चारचौघांत बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो लपवून लावेल.

रोज त्याच वेळी

काही बिघाड घड्याळ लावून येतात. यांच्या मागे धावू नका, वेळ लिहून ठेवा.

दुपारी सव्वा ते दोन, पँट्रीच्या बाजूच्या लोकांचं वायफाय तुटतं. यात कोडं नाही. मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात काम करतो, त्याच्या दारातून थोडं निसटतंच, आणि त्या वेळेला तीस डबे रांगेत असतात. त्या लोकांना ५ गिगाहर्ट्झवर हलवा, ॲक्सेस पॉइंट (वायफायचा डबा) पँट्रीपासून दूर घ्या. २.४ वापरायचाच असेल तर चॅनल १, ६ आणि ११ यांपैकीच. बाकीचे एकमेकांच्या अंगावर चढतात.

दुसरं घड्याळ खास आपल्या नागपूरचं आहे. मे महिन्यात एका मजल्याचं नेट रोज अडीचनंतर रडायला लागायचं आणि साडेपाचला आपोआप सुधारायचं. लाइनवाले म्हणाले, तुमचा लोड जास्त. लोड बघितला, तर अडीचला तो उलट कमी व्हायचा. स्विच स्वतःहून रिस्टार्ट होत होता; लॉगमध्ये तापमानाच्या सूचनांचा खच. बहुतेक साध्या ऑफिस-स्विचांच्या माहितीपत्रकात चालण्याची हद्द ४० किंवा ४५ अंश लिहिलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ होतं, आणि तो रॅक तर पश्चिमेच्या भिंतीच्या स्टोअर रूममध्ये. पण तिथं एसी होता! मग मी दुपारी तीनला तिथं जाऊन उभी राहिले. एसी बंद. जेवण झाल्यावर फेरी मारणारा गार्ड तो रोज बंद करायचा. "कोणी बसतच नाही ना मॅडम तिथं, लाइट जळून राहिली फुकट." त्याचं चूक नव्हतं, आम्हीच त्याला कधी सांगितलं नव्हतं. मराठीत आणि हिंदीत पाटी लावली, त्याला आत नेऊन गरम स्विचला हात लावायला सांगितला. पुढे तोच एसीमधून पाणी गळतंय का हे सांगायला फोन करायचा.

दर उन्हाळ्यात कोणीतरी सुचवतं, सर्व्हर रूममध्ये कूलर ठेवू. नागपुरी माणसाचा कूलरवर फार जीव. पण कूलर थंड करतो तो ओलावा मिसळून, आणि त्याला खिडकी उघडी लागते, म्हणजे धूळ आली. ओलावा, धूळ आणि सर्किट यांचं जमत नाही. एसी मेला तर रॅकचं दार काढा, पेडेस्टल पंखा लावा, बिनकामाची मशीनं बंद करा; पण वाळ्याच्या ताट्या घरीच राहू द्या.

वायर

एकाच माणसाचं ‘स्लो’ असेल तर ॲडॉप्टरच्या स्टेटसमध्ये लिंकचा वेग बघा. १ जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस दिसला, तर जवळजवळ नक्की केबलची एखादी जोडी तुटलीय. १०० ला दोन जोड्या पुरतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी उंदराने खाल्ली की लिंक मुकाट्याने खाली उतरते, कोणी काही बोलत नाही. क्रिम्प करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, टी-५६८-बी या पद्धतीचा क्रम: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. संत्र्याच्या गावचे आपण, सुरुवात केशरीने करायची हे तरी विसरू नये. लांबी एकूण १०० मीटरच्या आत.

फाटकाबाहेर

गेटवेपर्यंत सगळं ठीक आणि पुढे शुकशुकाट, तर लाइन. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (‘लॉस ऑफ सिग्नल’चा) लाल दिवा असेल तर राउटर रिस्टार्ट करत बसू नका. प्रकाशच येत नाहीये. दिवा लाल नाही पण लाइन लडखडते, तर ब्राउझरमध्ये डब्याचं सेटिंगचं पान उघडून आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद बघा. जी-पॉन लाइनवर (एकाच फायबरला फाटे फोडून अनेकांना दिलेल्या) ती उणे २७ डीबीएमच्या आसपास गेली की कुठंतरी वाकलेली वायर किंवा घाणेरडा जोड असतो.

नागपुरात सिमेंटचे रस्ते होऊ लागल्यापासून जेसीबी हे आमचं एक वेगळंच खातं झालंय. आम्ही शहाणपणा केला होता, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या. एका सकाळी दोन्ही एकदम गेल्या. खड्ड्यापाशी गेले तर दोघांची फायबर एकाच पाइपातून आलेली, एकाच दातात तुटलेली, आणि दोन कंपन्यांचे दोन पोरं शेजारी-शेजारी बसून एकाच छत्रीखाली जोड मारून राहिले होते. दुसरी लाइन घेताना बिलावरचं नाव बघू नका. ती इमारतीत कुठून शिरते ते स्वतः चालत जाऊन बघा. शक्य असेल तर एक लाइन हवेतून, रेडिओची किंवा ४जी-५जीची घ्या.

हेल्पडेस्कला फोन करताना "नेट बंद आहे" म्हणू नका, म्हणजे जे वाक्य ऐकून आपण वैतागतो तेच. सर्किट आयडी, बंद पडल्याची वेळ, दिव्याचा रंग, प्रकाशाचा आकडा, आणि "राउटर रिस्टार्ट करून झालाय, थेट लॅपटॉप लावूनही बघितलाय", हे एका दमात सांगा. तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

घरून काम करणारे

मनीषनगरमधल्या एकीची तक्रार मला दोन दिवस छळत होती. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायची बंदिस्त वाट) जोडलं जातं, लॉगिन होतं, चॅट चालतं, छोटी मेल जाते. एक्सेलची मोठी फाइल उघडली की सगळं गोठतं. पिंग उत्तम. वेगाची चाचणी उत्तम. छोटं जातं आणि मोठं अडकतं, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या आकाराची मर्यादा, आठवा. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल १५०० बाइट. तिच्या घरची लाइन पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडली जाणारी. ती ८ बाइट स्वतःला ठेवते, राहिले १४९२. त्यावर व्हीपीएनचं वेष्टन. मोठं पॅकेट दारात मावत नाही, आणि "मावत नाही" हा निरोप वाटेतली एखादी फायरवॉल गिळून टाकते, म्हणून पाठवणारा तसलीच पॅकेटं पाठवत राहतो.

तपासायचं असं: पिंग -एफ -एल १४७२ आणि बाहेरचा पत्ता. १४७२ मध्ये २८ बाइटांची शीर्षकं मिळवली की १५००. ‘तुकडे करावे लागतील पण डीएफ (तुकडे करू नका, ही खूण) सेट आहे’ अशा अर्थाचा निरोप आला किंवा उत्तरच आलं नाही, तर आकडा कमी करत जा. १४६४ ला उत्तर आलं तर १४९२ ची लाइन. मग व्हीपीएन चालू करून तीच चाचणी आतल्या सर्व्हरवर करा आणि व्हीपीएनच्या ॲडॉप्टरचा एमटीयू त्यानुसार खाली आणा. तिचा १३५० केला. तिने विचारलं, "म्हणजे नेट स्लो केलंत का?" मी म्हटलं, पोतं छोटं केलं, खेपा चालू झाल्या.

‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे’

हे वाक्य ॲप्लिकेशनवाले म्हणतात तेव्हा भांडू नका, पॉवरशेलच्या खिडकीत एक ओळ चालवा. टेस्ट-नेटकनेक्शन, सर्व्हरचं नाव, -पोर्ट ४४३. जोडणी झाली, तर रस्ता दारापर्यंत मोकळा आहे. दाराच्या आत काय चाललंय ते ज्याचं घर त्याने बघावं. जोडणी झाली नाही तर त्यांच्या लॉगमधले शब्द मागा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पॅकेट पोचलं आणि आतून कोणीतरी स्पष्ट "नाही" म्हटलं. बहुधा सर्व्हिस बंद आहे, नेटवर्क नव्हे. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे कोणी बोललंच नाही. इथं फायरवॉल किंवा रस्ता, म्हणजे बहुतेक आपण. आपलं असेल तेव्हा लगेच कबूल करा. मी एकदा नियमात एक ओळ चुकीच्या जागी टाकून दोन तास दुसऱ्यांना शहाणपण शिकवत होते. ती ओळ मी शुक्रवारी संध्याकाळी सहाला टाकली होती. तेव्हापासून शुक्रवारी जेवणानंतर मी कॉन्फिगरेशनला हात लावत नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलते. दोन बदलल्या आणि नेट सुरू झालं, तर कोणतीने झालं हे कधीच कळत नाही.

तिकिटात "रिझॉल्व्ड" लिहून बंद करायची सवय सगळ्यांनाच असते. मी जोडीला एक दोनशे पानी रजिस्टर ठेवते: तारीख, वेळ, कोणता मजला, कुठपर्यंत चालत होतं, काय केलं. गार्ड आणि एसीचं प्रकरण त्यातूनच सुटलं. नऊ नोंदी खालोखाल, सगळ्या अडीच ते तीनच्या मधल्या.

बॅगेत काय ठेवायचं ते सांगते आणि थांबते. खात्रीची दोन मीटर पॅच केबल, जिच्यावर लाल टेप लावलेली आहे आणि जी मी कोणाला देत नाही. कन्सोल केबल, यूएसबीवाली. क्रिम्पर, वीसेक कनेक्टर, केबल टेस्टर. टॉर्च, कारण मोबाइलचा टॉर्च धरला की फोन घेता येत नाही. मार्कर आणि लेबलं. छोटा स्क्रूड्रायव्हर. एप्रिल लागला की आई त्यात एक कांदा टाकते, ऊन लागू नये म्हणून. परवा गेटवर बॅग तपासताना सिक्युरिटीच्या पोराने तो हातात धरला, उलटसुलट पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, याची एंट्री टूलमध्ये करू का?"